दुष्काळातला तेरावा महिना

वाकळीचा कोपरा उसवलाय, आणि लेकरू झोपेत पायाच्या अंगठ्यानं नेमका तोच उकरतंय. परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मे महिन्यात 44 अंश सोसणारं हे गाव डिसेंबरात एखाद्या वर्षी 5 अंशांच्याही खाली उतरतं, तशी इथल्या कृषी विद्यापीठाची नोंद आहे. पण रात्री तीनला जिला लेकराच्या अंगावर पांघरूण ओढावं लागतं तिला नोंदवही लागत नाही. तू उठतेस, सुईत दोरा ओवतेस, फाटक्या जागेत बोट घालतेस. वरचं कापड साडीचं. त्याखाली चादर. त्याच्याही आत एक विटकं तांबडं लुगडं, हाताला पिठासारखं मऊ लागणारं, मधोमध आडवी शिवण असलेलं.

ही शिवण कुणाची, ते विचारू नकोस. बोट तिथंच ठेव.

ऊन आधी तळपायाला लागतं. तू माळवदावर उभी आहेस, अनवाणी, आणि खालून कुणीतरी ओरडतंय, "अगं ये की खाली! चीक घोटायचाय, वर काय ऊन खायलीस?" साल 1972, मे महिन्याचा तिसरा आठवडा. सेलूच्या अलीकडचं, दुधनेकाठचं गाव. लांबून मनमाड-सिकंदराबाद मार्गावरच्या मीटरगेज गाडीची शिट्टी येते, तिच्यावर घरातल्या बाया वेळ धरतात. कडेवर बारकं आहे, नऊ महिन्यांचं. पदराला धरून सहा वर्षांची पोरगी. दोन्ही तुझीच. लेकरांची काळजी करू नकोस, ती कुठंही आईला ओळखतात. काळजी घ्यायची ती बोलण्याची. तुझं ते 'अहो आई' इथं चालायचं नाही. सासूला आत्याबाई म्हण, सासऱ्याला मामंजी, थोरल्या जावेला अक्का. पदर डोक्यावर घे. आणि स्वयंपाकघरात शिरताना वाक. चौकट ठेंगणी आहे, पहिल्या दिवशी सगळ्या सुनांना लागते.

गहू तीन दिवस भिजलेत, रोज पाणी बदललंय. काल सांजेला वाटून, पिळून चीक काढला, रात्रभर निवळत ठेवला, वरचं पिवळट पाणी आत्ता ओतून दिलं. चुलीवर मिठाचं आधण खळखळतंय. अक्का चीक धारेनं सोडते आणि चाटू तुझ्या हातात देते. घोट. धूर डोळ्यांत जाईल, घोटत राहा. मनगट भरून आलं म्हणून तू क्षणभर थांबतेस आणि आत्याबाईंना पाठ असूनही कळतं. "कामून थांबला गं हात? गुठळी झाली तर ती काय तुझा बाप फोडंल?" पांढरा लगदा जड होतो, मग त्याचा पांढरेपणा जातो, काचेसारखा झाला की शिजला. दाराशी लेकरं वाट्या घेऊन ओळीनं बसलीत. गरम चीक, वर गुळाचा खडा, त्यावर तेलाची धार. बारक्यालाही बोटभर चाटव. या एका वाटीसाठी मला तुझा हेवा वाटतो, बाकी कशासाठी नाही.

मग माळवदावर जुनं धोतर अंथरायचं आणि सोऱ्यानं कुरडया घालत सुटायचं. पोरीला काठी देऊन कावळे हाकायला बसव. ती अर्ध्या ओल्या कुरडया स्वतःच खाईल, तो हिशोब आत्याबाईंनी आधीच धरलेला असतो. कुरडया झाल्या की शेवया, शेवया झाल्या की उडदाचे पापड, सांडगे, खारोड्या, आणि शेवटी येसर: भाजलेलं धान्य, डाळ आणि मसाला एकत्र दळून ठेवलेली ती काळपट पूड. घरात डाळ असो नसो, उकळत्या पाण्यात मूठभर येसर टाकला की आमटी होते. हे नीट लक्षात ठेव. पुढं लागणार आहे.

यंदा सगळं जास्तीचं करायचंय, कारण यंदाचं वर्ष तेरा महिन्यांचं आहे. अधिक वैशाख आत्ताच सरला. धोंड्याचा महिना म्हणून जावई येऊन गेला, तेहेतीस अनारसे आणि पुरणाचे धोंडे खाऊन गेला, आणि आत्याबाई बोटांच्या पेरांवर मोजतायत. "बारा मडक्यांनी भागत नसतंय यंदा. तेरावं घे." दुष्काळात तेरावा महिना हे तू आजवर कार्यालयात, बसमध्ये, कुठंही सहज म्हणत आलीस. या घरात ते अक्षरशः घडणार आहे, फक्त उलट्या क्रमानं: तेरावा महिना आधी आला, दुष्काळ मागून येतोय. तुला ते ठाऊक आहे. सांगू नकोस. सांगून मडकं वाढत नाही, धान्य तेवढंच आहे. याच मे महिन्याच्या 18 तारखेला परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाल्याची बातमी मामंजी पारावरून घेऊन येतात. मामंजी निजामाच्या राजवटीत शिकलेले, म्हणजे उर्दूतून. मराठी पेपर ते दुसऱ्याकडून वाचून घेतात. आत्याबाई अजून रुपयाला 'हाली का कलदार', म्हणजे निजामाचा का इंग्रजांचा, असं विचारून त्यांना चिडवतात.

दुपारी भांडी घासून झाली की बसायचं ते शिवायला. विश्रांती हा शब्द या घरात मी ऐकलेला नाही. बसून करायचं काम आणि उभ्यानं करायचं काम, एवढाच फरक.

घरात सुई एक. ती कोनाड्यात चिंध्यांच्या गोळ्याला टोचलेली असते आणि तिच्यावर नजर दागिन्यावर असावी तशी असते. आत्याबाईंना आता सुईचं नाक दिसत नाही, म्हणून ओवायचं काम पोरीचं. त्यांच्या मांडीवर तेच तांबडं लुगडं आहे. रंग अजून धड आहे, पण बसून बसून मधला भाग विरलाय, उजेडात धरला तर पलीकडचं दार दिसतं. याला दंड घालायचा. बघ कसा. विरलेला पट्टा आडवा फाडून काढतात, एका झटक्यात, चर्र आवाज होतो. मग दोन्ही धड टोकं एकमेकांवर धरून बारीक धावदोरा. तेवढ्यावर सोडायचं नाही. शिवण उलटी वळवून आत दुमडायची आणि पुन्हा तुरपायची, म्हणजे कच्ची कड कुठंच उरत नाही आणि बसताना टोचत नाही. दोरा विकतचा नाही. फाडलेल्या पट्ट्यातूनच एकेक उभा धागा ओढून, मेणावरून फिरवून घेतलेला. त्याच कापडाचा धागा त्याच कापडात असा मिसळतो की टाका शोधावा लागतो. नऊवारीचं लुगडं आता साडेआठवारी झालं. कासोटा जरा ओढून बसेल, एवढंच.

तू म्हणशील, काय सुंदर! तसं म्हणू नकोस. आत्याबाईंना नवं लुगडं मिळालं असतं तर त्यांनी दंड घातला नसता. आपण हल्ली जुन्या कापडाच्या गोधड्या प्रदर्शनात मांडतो, हजारोंनी विकतो, ते चांगलंच आहे; पण हे काम हौसेनं जन्मलं असा समज करून घेतला तर त्या बाईच्या डोळ्यांचा हिशोब लागत नाही.

लुगड्याची पुढची वाट ठरलेली असते. दंड घालूनही फाटलं की धडक्या भागाचा पोरीला परकर. काठाची झोळी, कारण काठ मजबूत असतो. मऊ पडलेल्या भागाचं दुपटं, झबलं. तान्ह्या अंगाला नवं कापड घालायचंच नसतं, ते बोचतं. मग लंगोट. मग वाकळीचा थर. आणि जे वाकळीतही मावत नाही ते चुलीपाशी पोतेरं म्हणून. चिंधी टाकून दिलेली तुला दिसणार नाही.

पोरीचा परकर आजच शिवून होतो. खाली तीन बोटं रुंद दुमड ठेव, तीही तीन पदरी. दर पाडव्याला एक पदर उसवायचा. पोरगी वाढते तसा परकर वाढतो, आणि प्रत्येक जुन्या घडीच्या जागी गडद रंगाची एक आडवी रेघ राहते. त्या रेघा मोजून पोरीचं वय सांगता येतं, असं अक्का हसून म्हणते.

आता थोडं भराभर चल, कारण पुढचे महिने थांबून बघण्यासारखे नाहीत.

मृग कोरडा गेला. एक सर आली, पेरणी झाली, कोंब करपले. दुबार पेरलं, तेही गेलं. मागच्या दोन वर्षांतही पाऊस बेताचाच होता, त्यामुळे कणगीत तळ दिसायला वेळ लागला नाही. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. म्हणून पुरणाची दिंडं उकडतात. यंदा घरटी दोन-दोन, लेकरांपुरती. बांधावर तरोटा तेवढा उगवला. त्याची भाजी आठवडाभर. पोळ्याला बैलांच्या तोंडी पुरणपोळी दिली आणि पंधरा दिवसांत बैल बाजारात नेले. मामंजी परत आल्यावर जेवले नाहीत. दिवाळीला अक्कानं कुरडयांची भाजी केली: भिजवून, कांद्यावर परतून, तिखट लावून. तेरावं मडकं उघडलं ते तेव्हा. पौषात हुरडा नव्हता. आगटी नाही, गोवऱ्यांचा धूर नाही, लसणाची चटणी करून बसलेल्या बाया नाहीत. ज्या मुलखात पाव्हण्याला हुरड्याला बोलावणं हाच हिवाळा, तिथं तो महिना नुसता थंड गेला. बोरीला मात्र बोरं लगडली होती. बोरीला पाऊस फारसा लागत नाही. संक्रांतीला बारक्याचं बोरन्हाण झालं ते नुसत्या बोरांचं. त्याला काय, तो हसला.

इथं थांब. पहाटे चार. अक्का आणि तू जात्यावर समोरासमोर. दुष्काळी कामावर जायचं म्हणजे उजाडायच्या आत दळून, भाकरी बांधून तयार असायला हवं. खुंट्याला दोघींचे हात. अक्का ओवी लावते आणि पहिलं नाव जनाबाईचं येतं. गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे इथल्या बाया जनाबाईला माहेरची असल्यासारखी जात्यावर बसवतात. तुला ओवी येत नाही. खरं तर तू ऐकून जायला हवं होतंस. ताडकळसच्या गंगुबाई अंबोऱ्यांचा आवाज 1996 साली ध्वनिमुद्रित झालाय, लाखावर ओव्या असलेल्या जात्यावरच्या गाण्यांच्या संग्रहात तो आहे. आता नुसता सूर धर. बारकं तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलंय आणि जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला त्याचं डोकं हलतंय. ओवी ही त्याची अंगाईपण आहे. दोन कामांना एकच गाणं पुरतं.

जात्यात आहे तो मिलो. ही लाल ज्वारी अमेरिकेहून आली, रेशनच्या दुकानात मिळाली. पीठ हातात घे. आपल्या ज्वारीचं पीठ पाण्यानं मळलं की चिकटून येतं, त्याला विरी म्हणतात. याला विरीच नाही. काठवटीत थापायला घेतलीस की कडा चिरतात, उचलायला गेलीस की भाकरी दोन तुकड्यांत हातात येते. पहिल्या तीन तव्यावर मोडल्या. पोरीनं तुकडा चघळला आणि हळूच बाजूला ठेवला. आत्याबाई चुलीपाशी सरकतात. "उठ माय. असं नसतंय." आधण ठेवतात, उकळतं पाणी पिठात ओततात, उलथण्यानं कालवतात, झाकतात. वाफ जिरली की पोळत असतानाच मळतात. आणि मग काठवट बाजूला सारून धपाट्याची युक्ती: ओलं फडकं पाटावर, त्यावर भाकरी थापायची, फडक्यासकट उचलून तव्यावर उलटी करायची आणि फडकं अलगद सोडवून घ्यायचं. भाकरी अखंड उतरते. जाड, तांबूस, चव नसलेली, पण अखंड. मोडकी भाकरी लेकरांना बांधून द्यायची नाही, यावर त्या ठाम आहेत. का ते सांगत नाहीत. सोबत येसराचं पाणी.

ते फडकं लुगड्यातून निघालेल्या पट्ट्याचं होतं, तुझ्या लक्षात आलं असेल.

काम पाझर तलावाचं आहे, आणि माती संपली की खडी फोडायची. 1973च्या मे महिन्यात सबंध महाराष्ट्रात अशा कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. जायकवाडीचा पाया 1965 साली घातला गेला होता, पण धरणाचं लोकार्पण व्हायला 1976 साल उजाडलं. कालव्याचं पाणी तुझ्या गावकऱ्यांनी अजून पाहिलेलं नाही. हजेरीपटावर अर्ध्याहून जास्त बायाच असाव्यात असं तुला वाटेल, इतक्या दिसतात. प्रत्येकीबरोबर एखादं लेकरू. बाभळीला झोळ्या लटकल्यात, एका झाडाला चार-चार. झोळी बांधायची रीत अक्का दाखवते: काठ वर, गाठ दुहेरी, आणि लेकरू घालण्याआधी आपण स्वतः हातानं लोंबकळून बघायचं. सहा वर्षांची पोरगी झोळीची दोरी ओढत बसते. तिची शाळा? ती आहे गावात. पोरगी इथं आहे. पुढं रोजगार हमीचा कायदा 1977 साली विधिमंडळात संमत झाला तेव्हा कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली आणि लेकरांसाठी पाळणाघर द्यायचं त्यात आलं. ती तरतूद कागदावर यायच्या आधी या पोरीनं दोरी ओढलेली आहे.

दुपारी सुकडी वाटतात. गोडसर, कोरडी, घशाला चिकटणारी. पोरगी आपल्या वाट्यातली अर्धी पदरात बांधते. विचारलंस तर म्हणते, बारक्याला. बारक्याला ती कोरडी गिळता येत नाही. तू ती पाण्यात कालवून बोटानं भरवतेस, आणि पाणी म्हणजे दुधनेच्या वाळवंटात खणलेल्या झिऱ्याचं. वाटीनं भरत घागर भरायला तासभर लागतो. त्या घागरीचा क्रम असा: आधी प्यायला, मग भाकरीला, उरलेल्यात लेकरांचं अंग, तेच पाणी घमेल्यात धरून लंगोट. लंगोट आधी राखेनं चोळायचे, मग त्या पाण्यातून काढायचे आणि बाकीचं उन्हावर सोडायचं. परभणीच्या उन्हाचा एवढा एक उपयोग.

पाडवा एप्रिलच्या सुरुवातीला आला. नव्या कापडाचा प्रश्न नव्हता, पण निदान परकराची दुमड उसवू म्हणून तू पोरीला उभी करतेस. परकर तिच्या कमरेला लावून बघतेस. घोट्याशी येतो. गेल्या वर्षी शिवला तेव्हा येत होता, तितकाच. तू पुन्हा लावून बघतेस, पोरीला सरळ उभी राहा म्हणतेस. ती सरळच उभी आहे. आत्याबाई बघतात आणि सुई कोनाड्यात परत टोचून येतात. "राहू दे यंदा."

त्या रात्री कुणी त्याविषयी बोललं नाही. मीही जास्त बोलत नाही.

जूनमध्ये पाऊस आला. पहिल्या पावसात माळवद गळलं, ते सगळ्यांना आवडलं. वाकळी भिजल्या, बारकं त्या ओल्या वाकळीवर रांगलं, मग उभं राहिलं आणि दोन पावलं टाकून बसलं. उसनं बियाणं, उसने बैल. भादव्यात मुगाच्या ओल्या शेंगा आल्या. लेकरं शेतातच खाऊन यायची आणि संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून ओव्याचं पाणी मागायची. अक्कानं नव्या मुगाचं वरण केलं तेव्हा आत्याबाईंनी येसराचं मडकं धुऊन पालथं घातलं. दसऱ्यानंतर नवी ज्वारी दारात आली. पहिली भाकरी तूच थापलीस. पीठ हाताला चिकटलं, कड फाटली नाही, तव्यावर टम्म फुगली. पोरीनं ती उभ्यानं, नुसती, मीठसुद्धा न लावता खाल्ली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी तू चुलीपाशी आहेस आणि आत्याबाई अंगणातून हाक मारतात.

"अगं, इकडं ये बरं. पोरगी काय घालून हिंडायली बघ. परकर तोकडा व्हायलाय हिला."

हात पदराला पूस आणि ये. पोरगी उभी आहे, घोटे उघडे, नडगीचा दोन बोटं भाग दिसतोय. ती लाजून परकर खाली ओढतेय. सुई आण. नाही, सुईच्या टोकानं नाही, टाका तुटेल. नखानं उचल आणि ओढ. पहिली दुमड सुटते, खाली गडद तांबडी रेघ उमटते, अगदी नव्या लुगड्याच्या रंगाची. दोरा टाकू नकोस. आत्याबाईंनी ज्वारीचं चिपाड पुढं केलंय. त्याला गुंडाळ.